स्पेस टॉक

मुंबईत जन्मलेल्या गायिका आशा पुथली (४ फेब्रुवारी १९४५ – ) यांनी गायिलेले, जॅझ, सोल व डिस्को ह्या तीन अमेरिकन संगीतप्रवाहांचा मिलाफ साधणारे इंग्रजी गीत. ‘सी. बी. एस.’ ह्या ध्वनिमुद्रिका-संस्थेने १९७६ साली जर्मनीत काढलेल्या ‘द डेव्हिल इज लूज’ ह्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत ते समाविष्ट आहे. न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत ते विशेष लोकप्रिय झाले आणि सु. वीस वर्षांनंतर त्यातील संगीताचा अंश नव्या पिढीच्या ‘रॅप’ गीतात वापरला गेल्याने ते पुन्हा चर्चेत आले. गायिकेच्या जन्मशहरात मात्र ते दीर्घकाळ जवळजवळ अपरिचित राहिले. ह्या विसंगतीची कारणे मुंबईतील पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या इतिहासात शोधावी लागतात. म्हणून प्रस्तुत गीताचा विचार त्या इतिहासाला धरून करणे इष्ट ठरते.

अशा गीताला पाश्चात्त्य व्यवसायात ‘क्रॉसओव्हर’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिला ‘सीमोल्लंघी गीत’ म्हणता येईल. ही संज्ञा संगीतशास्त्रातील नव्हे, ती व्यापारातील आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांच्या खपाच्या याद्या ‘बिलबोर्ड’ हे व्यवसायपत्र प्रसिद्ध करीत असे आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकांची यादी त्यात वेगळी असे. तिचे नाव १९४९ पर्यंत ‘रेस’ म्हणजे वंशवाचकच होते. त्या वर्षी ते ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे बदलले, १९६९ मध्ये ‘सोल’ झाले आणि १९७४ मध्ये डिस्को नृत्यसंगीताची स्वतंत्र यादी सुरू झाली. एका यादीतील गीताने दुसऱ्या यादीत शिरकाव केला म्हणजे त्याने सीमा ओलांडली, असे मानले जाई. ह्या सीमा रागांच्या वा तालांच्या नव्हत्या. त्या वंश, वस्ती आणि दुकानातील मांडणी यांच्या होत्या. एखादी भारतीय स्त्री जॅझ गाऊ लागली, तर तिची ध्वनिमुद्रिका कोणत्या फळीवर ठेवावयाची, ह्या प्रश्नाला ह्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

तिन्ही प्रवाहांचे मूळ आफ्रिकी-अमेरिकन समाजात आहे. जॅझ हा त्यांतील सर्वांत जुना प्रवाह असून विसाव्या शतकाच्या आरंभी तो न्यू ऑर्लीन्स शहरात आकारास आला. ठरलेल्या सुरावटीचा जागच्या जागी केलेला उत्स्फूर्त विस्तार आणि ठेक्याच्या मागेपुढे झुलणारी लय ही त्याची प्रमुख लक्षणे होत. सोल संगीत दुसऱ्या महायुद्धानंतरचे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील ‘गॉस्पेल’ भक्तिगायनातील आर्त आवाहन लौकिक प्रेमगीतांत आणून रे चार्ल्स, ॲरेथा फ्रँक्लिन, मार्व्हिन गे आदी गायकांनी ते घडविले. डिस्को त्याहून अलीकडचे, १९७० नंतरचे. ‘डिस्कोथेक’ म्हणजे जेथे वादकांऐवजी तबकड्यांच्या साथीने नृत्य चालते ते स्थळ. त्यावरूनच ह्या संगीताला नाव मिळाले. चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर पडणारा ढोलाचा सारखा ठोका, ठळक मंद्र वाद्य आणि पुष्कळदा तंतुवाद्यांची भरघोस साथ, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते.

मुंबईचा जॅझशी संबंध बराच जुना आहे. लिऑन ॲबी ह्या आफ्रिकी-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वृंद १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागोमाग कर्णावादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे आले. वेदरफोर्डला पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यातच मृत्यू आला. ह्या पाहुण्यांकडून जॅझ उचलले ते मुख्यतः गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चला जोडून संगीतशाळा असत. त्यांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. हेतू प्रार्थनासंगीताचा असला, तरी त्यातून लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारा एक मोठा वादकवर्ग तयार झाला. पोटासाठी तो मुंबईस येई, धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावच्या ‘कुडां’त उतरे आणि हॉटेले, मूकपटगृहे, पोलिसांचे बँड, लग्नसमारंभ असे मिळेल तेथे काम शोधी. मिकी कोरिया यांनी ताजमहालमधील वृंदाचे नेतृत्व १९३९ पासून सु. दोन तपे केले. आल्दोना येथील आंतोनियो झेवियर व्हाझ (१९१६–६७) हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने ट्रंपेट वाजवीत. श्रोते त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

स्वातंत्र्यानंतर हे जग आक्रसू लागले. संस्थानिक व युरोपीय आश्रयदाते निघून गेले. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांचे अर्थकारण ढासळले. वादकांना आधार दिला तो हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–८२) ह्यांनी ही संधी प्रथम मोठ्या प्रमाणावर घेतली. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या भगवान (भगवान आबाजी पालव) ह्यांनी काढलेल्या ‘अलबेला’ (१९५१) ह्या चित्रपटात ह्या दोघांच्या सहकार्याचे फळ स्पष्ट दिसते. त्यातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आणि त्यांचा वृंद पडद्यावरही येतो. ‘आशा’ (१९५७) ह्या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे गीत तर जॅझमधील निरर्थक अक्षरांच्या गायनाचे, म्हणजे ‘स्कॅट’चे, भारतीय जनमानसात रुजलेले बहुधा पहिलेच रूप होय. तराणा आणि सरगम यांची सवय असलेल्या कानांना ते परके वाटले नाही, ह्यात नवल नाही.

ह्या व्यवस्थेत संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. तिचे स्वरलेखन करणे, स्वरसंहती म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांची बांधणी रचणे, कडव्यांमधील वाद्यसंगीत लिहिणे आणि शेकडा वादकांचा ताफा हाताळणे हे काम गोमंतकीय संयोजकाकडे असे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतील ठळक नावे. श्रेयनामावलीत मात्र ‘सहायक’ एवढाच उल्लेख होई आणि तोही नेहमी नव्हे. मूळच्या माजोर्डा येथील गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांनी १९५८ मध्ये रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणारा स्वतःचा वृंद उभारला, पण व्यवसायाने तो टिकू दिला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतात त्यांचे नाव गुंफले, तेव्हा देशभर ते नाव दुमदुमले. पण हे नाव खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. कोकणी भाषेत मात्र वेगळा प्रकार घडला. क्रिस पेरी (१९२८–२००२) ह्यांनी लोर्ना कोर्देरो ह्या गायिकेसाठी रचलेल्या गीतांत जॅझ आणि लॅटिन अमेरिकन लयी थेट कोकणी शब्दांना भिडल्या, आणि तेथे वादक व गायिका दोघेही आपल्या नावानिशी उभे राहिले. ती बाजारपेठ अर्थातच लहान होती.

सारांश, १९६० च्या आसपास मुंबईत जॅझ जाणणारी माणसे भरपूर होती, परंतु त्या ज्ञानाला बाहेर पडण्याच्या वाटा दोनच होत्या : एक, चित्रपटगीतात शिरून निनावी होणे, दुसरी, देश सोडणे. ‘स्पेस टॉक’ हे ह्या दुसऱ्या वाटेचे अपत्य होय.

जॅझ ऐकणाऱ्यांचा एक वर्गही ह्या काळात वाढत होता. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९५२–६२) आकाशवाणीने चित्रपटसंगीतावर निर्बंध घातल्याने श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच लघुलहरींवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरील विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रमही ऐकू येई. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन परराष्ट्र खात्याने जॅझ वादकांना सांस्कृतिक दूत म्हणून जगभर पाठविले. त्या योजनेखाली डेव्ह ब्रूबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) ह्यांचे भारतात दौरे झाले. लुई आर्मस्ट्राँगही १९६४ मध्ये येऊन गेला. रागसंगीत व जॅझ यांची जवळीक हा त्या दशकातील आवडीचा विषय झाला. कलकत्त्याचे जॉन मेयर व जमैकाचा जो हॅरियट यांनी लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ (१९६६) काढला. मुंबईत शंकर-जयकिशन यांनी सतारवादक रईस खाँ यांच्या सहकार्याने ‘रागा-जॅझ स्टाइल’ (१९६८) ही ध्वनिमुद्रिका केली. ह्या बहुतेक प्रयोगांत सतार आणि सॅक्सोफोन शेजारी शेजारी बसतात, क्वचितच एकमेकांशी बोलतात.

आशा पुथली यांची घडण ह्याच वातावरणात झाली. त्यांनी हिंदुस्थानी रागसंगीताबरोबर पाश्चात्त्य ऑपेरा-गायनाचेही शिक्षण घेतले. दोन्ही पद्धतींत आवाज कमावण्याच्या कल्पना अगदी भिन्न आहेत : एकीत आकार, मींड व श्रुती यांना महत्त्व, दुसरीत तार सप्तकातील भरीव फेक महत्त्वाची. दोन्हींची तालीम घेतलेला गळा त्या काळी दुर्मिळच म्हणावा लागेल. मुंबईतील जॅझ मंडळींत त्या तरुण वयातच गाऊ लागल्या आणि १९६८ मध्ये ‘द सर्फर्स’ ह्या बीट गटाबरोबर त्यांची एक छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. तीत ‘एंजल ऑफ द मॉर्निंग’ हे त्या वर्षी गाजलेले अमेरिकन गीत त्यांनी गायिले. ती नकलेच्या जवळ जाणारी असली, तरी मूळ चालीला हलकेच वाकविण्याची त्यांची खोड तीत दिसते. विमानसेविका म्हणूनही त्यांनी काही काळ काम केले. पुढे मार्था ग्रॅहम हिच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळून त्या न्यूयॉर्कला गेल्या. लाहोरात जन्मलेले अंध लेखक वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) ह्या पुस्तकात मुंबईच्या जॅझविषयी लिहिताना त्यांच्यावर विस्ताराने लिहिले होते. त्यामुळे त्यांचे नाव अमेरिकेतील वाचकांपुढे आले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना कोलंबिया संस्थेचा जॉन हॅमंड भेटला. बिली हॉलिडे, काउंट बेसी, ॲरेथा फ्रँक्लिन, बॉब डिलन अशा कलावंतांना पुढे आणणारा हा पारखी होता. त्याच्या शिफारशीने ऑर्नेट कोलमन ह्या सॅक्सोफोनवादकाच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी दोन गीते गायिली. कोलमन हा ‘मुक्त जॅझ’चा प्रणेता. त्याच्या वृंदात पियानो नसे, त्यामुळे गायकाला स्वरसंहतीचा आधार मिळत नसे आणि वाद्ये भोवताली स्वैर संचार करीत. पाश्चात्त्य गायिकांना ही अवस्था कठीण जाते. षड्‌जाचा एकच स्थिर आधार मनात धरून चाल उलगडत नेण्याची सवय असलेल्या हिंदुस्थानी गळ्याला मात्र ती तितकी अडचणीची नाही. ती दोन गीते ऐकताना ह्याचा प्रत्यय येतो : सुरावट दूरदूरच्या स्वरांवर उड्या घेते, तरी आवाज डळमळत नाही. ‘डाउनबीट’ ह्या जॅझविषयक नियतकालिकाच्या समीक्षक-कौलात त्यांच्या गायनाची दखल घेतली गेली. त्याच वर्षी मर्चंट-आयव्हरी यांच्या ‘सॅव्हेजेस’ ह्या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली.

इतक्या मानाच्या पदार्पणानंतर जॅझ गायिका म्हणून त्यांची कारकीर्द सरळ पुढे जाईल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. मुक्त जॅझला खप नव्हता, आणि साडी नेसणारी सोल गायिका कोणास विकावी, हे अमेरिकन वितरकांना उमगत नव्हते. युरोपात वर्गवारीचा जाच तुलनेने सौम्य होता. ‘सी. बी. एस.’च्या युरोपीय शाखेसाठी त्यांची पहिली स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये निघाली. तिचे संयोजन डेल न्यूमन ह्याचे होते. जॉर्ज हॅरिसन, जे. जे. केल अशा रॉक गीतकारांच्या रचना तीत सोलच्या अंगाने गायिल्या आहेत. आवाज कुजबुजीइतका हलका, तार सप्तकात सहज तरंगणारा. चाल जेथे संपावयाची तेथे न संपता किंचित घसरत खाली येणारी. ही घसरण म्हणजे मींडच होय, हे भारतीय श्रोत्याला सांगावे लागत नाही.

‘द डेव्हिल इज लूज’ ही ध्वनिमुद्रिका ह्यानंतरची. तिची निर्मिती डीटर झिमरमान ह्या जर्मन संगीतकाराकडे होती. १९७५–७६ मध्ये जर्मनी हे डिस्कोचे महत्त्वाचे केंद्र बनले होते. म्यूनिक येथे जॉर्जो मोरोडर ह्याने डॉना समर ह्या अमेरिकन गायिकेचे ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ (१९७५) तयार केले आणि त्याच वर्षी ‘सिल्व्हर कन्व्हेन्शन’ ह्या जर्मन गटाचे ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’ अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. जर्मन डिस्कोची भिस्त यंत्रवत् अचूक ठोक्यावर होती. फिलाडेल्फिया शहरातील सोल संगीतातून निघालेल्या अमेरिकन डिस्कोत जो मांसलपणा होता, तो त्यात कमी. ‘स्पेस टॉक’मध्ये ह्या दोन्ही तऱ्हांची गाठ पडते.

गीताचा विषय शीर्षकातच आहे : अंतराळ आणि तेथून येणारी हाक. अशी कल्पना त्या दशकात नवी नव्हती. वैशिष्ट्य आहे ते मांडणीत. ठोका डिस्कोचा आहे, परंतु लय मध्यम, नर्तकाला धाप न लावणारी. बास गिटारची एक छोटी आकृती आवर्तनासारखी फिरत राहते. सोल संगीताची ऊब गीतात येते ती तिच्यातून. तिच्यावर विद्युत्‌ पियानोचे, जॅझमधील वादकाला साजेसे, मोकळे सोडलेले स्वरगुच्छ आहेत आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे तरंगते ध्वनी आहेत. ह्या सर्वांच्या वर आवाज. डिस्को गायिका सामान्यतः ठोक्यावर स्वार होऊन ठासून गातात. येथे गायिका ठोक्यापासून अलग, त्याच्या किंचित मागून, जणू दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखी गाते. शब्द आणि निश्वास यांच्यातील सीमा पुसट होते. समेची जाण पक्की असल्याशिवाय ठोक्यापासून इतके दूर राहून बेताल न होणे शक्य नाही. ह्या गीतात सतार नाही, तबला नाही, भारतीयत्वाची कोणतीही उघड खूण नाही. त्या काळी पौर्वात्य वाद्यांची फोडणी देऊन काढलेल्या अनेक ध्वनिमुद्रिका आज केवळ गंमत म्हणून ऐकल्या जातात. ‘स्पेस टॉक’ टिकले, ह्याचे एक कारण हा संयम असावा. रागसंगीताचा संस्कार येथे आवाजाच्या वागणुकीत मुरलेला आहे.

हे गीत लोकप्रिय झाले ते नभोवाणीमुळे नव्हे, नृत्यगृहांमुळे. डेव्हिड मँक्यूसो (१९४४–२०१६) हा फेब्रुवारी १९७० पासून न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्यरात्री भरवीत असे. ‘द लॉफ्ट’ ह्या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. तेथे मद्यविक्री नव्हती. ध्वनियंत्रणा मात्र अत्युत्तम होती. येणारे पुष्कळसे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन वंशाचे आणि समलिंगी तरुण असत. इतर ठिकाणी त्यांना मोकळेपणाने नाचता येत नसे. मँक्यूसो दूरदूरच्या तबकड्या शोधून आणी. कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो ह्याची ‘सोल मकोसा’ (१९७२) ही तबकडी त्याने वाजविली आणि तिची मागणी इतकी वाढली, की १९७३ मध्ये ती अमेरिकन खपाच्या यादीत चढली. जॅझ, सोल आणि आफ्रिकी नृत्यलय यांचे ते मिश्रण डिस्कोच्या आद्य गीतांपैकी एक मानले जाते. ‘स्पेस टॉक’ ह्याच मालिकेतील होय. ते ‘लॉफ्ट’मधील आवडत्या तबकड्यांपैकी एक झाले. मँक्यूसोने १९७५ मध्ये इतर तबकडीवादकांसह एक सहकारी संघ स्थापन केला होता. त्यामुळे एका नृत्यगृहात रुजलेली तबकडी इतरत्र पोहोचण्यास वेळ लागत नसे. तबकडी कोणत्या फळीवरील आहे, गायिका कोणत्या वंशाची आहे, ह्याची विचारपूस अंधाऱ्या नृत्यकक्षात कोणी करीत नाही. अमेरिकन दुकानदारीने जी सीमा आशा पुथली यांना ओलांडू दिली नाही, ती येथे आपोआप गळून पडली.

डिस्कोची लाट फार काळ टिकली नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा जाहीर स्फोट घडवून तिचा निषेध करण्यात आला. त्या निषेधात संगीताविषयीच्या अरुचीइतकाच कृष्णवर्णीय आणि समलिंगी श्रोत्यांविषयीचा आकसही होता, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आशा पुथली यांनी पुढेही युरोपात ध्वनिमुद्रिका केल्या, परंतु ‘स्पेस टॉक’ची सर त्यांना आली नाही.

ह्याच सुमारास डिस्को भारतात आले, पण ते मुंबईच्या जॅझ परंपरेतून नव्हे, तर लंडनहून. बंगलोरमध्ये वाढलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले संगीतकार बिड्डू यांनी कार्ल डग्लस ह्याच्यासाठी केलेले ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) जगभर खपले होते. फिरोझ खान यांच्या ‘कुर्बानी’ (१९८०) ह्या चित्रपटासाठी त्यांनी ‘आप जैसा कोई’ हे गीत लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले. गायिका नाझिया हसन (१९६५–२०००) त्या वेळी अवघी पंधरा वर्षांची होती. चित्रपटाचे इतर संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे असूनही हेच गीत सर्वाधिक गाजले. त्याच वर्षी ‘प्यारा दुश्मन’ चित्रपटातील बप्पी लाहिरी यांच्या गीताने उषा उथुप यांच्या भारदस्त आवाजाला डिस्कोत स्थान मिळाले आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) ने तर हा प्रकार खेडोपाडी नेला. मराठी चित्रपटातही त्याचे पडसाद उमटले. ‘गंमत जंमत’ (१९८७) मध्ये अरुण पौडवाल यांनी किशोरकुमार व अनुराधा पौडवाल यांच्याकडून गाऊन घेतलेले ‘अश्विनी ये ना’ हे पाश्चात्त्य नृत्यठेक्यावरील गीत आजही वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत हटकून वाजते.

मग चार वर्षे अगोदरचे, मुंबईच्याच गायिकेचे गीत मुंबईत का ऐकले गेले नाही? परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते, हे एक कारण. दुसरे अधिक खोल आहे. भारतात लोकप्रिय गीत म्हणजे चित्रपटगीत, असे समीकरण दृढ झाले होते; ज्या गीताला पडदा नाही, नट नाही, त्याला श्रोत्यापर्यंत नेणारे वाहनच नव्हते. रसिकांच्या दृष्टीनेही ही गायिका अडचणीची होती. रागसंगीताच्या चाहत्यांना तिचा बाज उथळ वाटावा, जॅझच्या चाहत्यांना डिस्को बाजारू वाटावे, असा तो काळ होता. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हाही रागसंगीत-जॅझ संगम म्हणजे मुख्यतः वाद्यसंगीताचा संगम, हीच समजूत प्रभावी होती. नृत्यगृहात वाजणाऱ्या गीतात तो संगम झाला असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

गीताचे पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेत. १९८० नंतर रॅप गीतांचे निर्माते जुन्या तबकड्यांतील संगीताचे तुकडे काढून त्यांवर नवी गीते उभारू लागले. ह्या तंत्राला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. ‘द नोटोरियस बी. आय. जी.’ ह्या रॅप गायकाच्या मृत्यूनंतर लगेच, मार्च १९९७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ ह्या दुहेरी संचातील ‘द वर्ल्ड इज फिल्ड’ ह्या गीतात ‘स्पेस टॉक’चा अंश घेतलेला आहे. तो संच अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या रॅप संचांपैकी एक ठरला. ज्यांनी आशा पुथली हे नाव कधी ऐकले नव्हते, अशा लाखो श्रोत्यांच्या कानांवर त्यांच्या गीताचे सूर पडले. चिक चॉकलेट वा सेबॅस्टियन डिसोझा यांच्या वाट्याला चित्रपटगीतात जो निनावीपणा आला होता, त्याचेच हे दुसरे रूप म्हणता येईल. फरक इतकाच, की सॅम्पलिंगच्या बाबतीत मूळ गीताचा उल्लेख केला जात असल्याने जिज्ञासू संग्राहक तबकडीपर्यंत पोहोचू शकले. त्यांच्यामुळे १९७६ च्या प्रतींना मागणी आली आणि जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा निघू लागल्या. मुंबईच्या जॅझ इतिहासाकडे भारतीय अभ्यासकांचे लक्षही ह्यानंतरच वळले. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) हे पुस्तक आणि क्रिस पेरी-लोर्ना यांच्या गीतांवर बेतलेला बार्द्रॉय बारेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट ही त्याची उदाहरणे होत.

आशा पुथली यांच्या निवडक गीतांचा संग्रह ब्रिटनमधील ‘मिस्टर बाँगो’ ह्या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. जून २०२४ मध्ये इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवात त्या गायिल्या; त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी वर्षांचे होते.